बहुमत आणि न्याय्य वाटा

बहुमताने ठरले म्हणजे न्यायाने ठरले, हा समज आपल्या सुशिक्षित समाजात इतका रुजलेला आहे की, त्याविषयी शंका काढणे म्हणजे लोकशाहीविषयीच शंका काढणे होय, असे पुष्कळांस वाटते. सभेत हात वर होतात, मोजले जातात, ज्या बाजूचे हात अधिक ती बाजू जिंकते. आणि एवढ्यावर प्रश्न मिटला असे समजून मंडळी चहाकडे वळतात. ज्यांचे हात कमी भरले त्यांच्या पदरी काय पडले, हे विचारण्याची आपल्याकडे चाल नाही. आमच्या मते हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. नवलाची गोष्ट अशी की, अलीकडच्या काळात तो नीतिशास्त्राच्या अध्यापकांपेक्षा संगणकशास्त्रज्ञांनीच अधिक नेटाने विचारलेला आहे. यंत्राची भाषा बोलणारी ही मंडळी न्यायान्यायाच्या वादात कशी शिरली, आणि तेथे त्यांच्या हाती काय लागले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका गावी शंभर सभासदांचे वाचनालय आहे, आणि त्यास दरसाल दहा नियतकालिके घेता येतात. लांबलचक यादीतील जी जी नियतकालिके आपणास पसंत असतील त्या सर्वांपुढे प्रत्येक सभासदाने खूण करावयाची, अशी वहिवाट आहे. साठ सभासद कथा-कादंबऱ्यांच्या मासिकांवर खुणा करतात, तीस जण शेतीविषयक नियतकालिकांवर, आणि उरलेले दहा जण विज्ञानविषयक नियतकालिकांवर. यादीत तिन्ही जातींची नियतकालिके भरपूर आहेत. आता खुणा मोजून पहिली दहा निवडली तर दहाही मासिके कथा-कादंबऱ्यांची येतील. कारण त्यांतील प्रत्येकाला साठ मते आहेत, आणि इतरांस तीस किंवा दहा. बेरजेत चूक नाही, कोणी लबाडी केलेली नाही, प्रत्येकाचे मत सारखेच मोजले गेले आहे. तरी चाळीस माणसांनी वर्गणी भरून वर्षभर कोऱ्या टेबलाकडे पाहत बसावयाचे, हे काही मनाला पटत नाही. मग अन्याय शिरला तो कोणत्या दाराने?

आमचे उत्तर असे आहे की, येथे दहा निरनिराळे निर्णय करावयाचे नव्हते. एक वाटणी करावयाची होती. बहुमताचा नियम अविभाज्य गोष्टींसाठी आहे. वाचनालय सोमवारी बंद ठेवावे की गुरुवारी, याचा निर्णय एकच होणार. तेथे अधिकांचे ऐकले नाही तर कमींचे ऐकावे लागेल, आणि ते अधिकच वाईट. पण जेथे वस्तू दहा आहेत, आणि त्या वाटता येण्यासारख्या आहेत, तेथे अविभाज्य वस्तूचा नियम लावून दहाही वस्तू एकाच गटाच्या पदरात टाकणे म्हणजे संख्येच्या जोरावर दुसऱ्याचा वाटा उचलणे होय. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ साली प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील आपल्या ग्रंथात हाच भेद दाखविला होता. निर्णय बहुसंख्यांचा असावा, पण प्रतिनिधित्व सर्वांचे असावे, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार. आपल्या जुन्या पिढीतील पदवीधरांनी मिलचे ग्रंथ पाठ केले. परंतु त्यातील नेमका हा भाग मात्र त्यांच्या वह्यांतून फारसा बाहेर आला नाही.

राज्यकारभारात हा भेद विसरल्याची फळे आकड्यांतच दिसतात. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस पक्षास सुमारे शेकडा ४५ मते पडली, आणि ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षास शेकडा ३१ मतांवर ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या; त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षास सव्वादोन कोटींहून अधिक मते पडून एकही जागा मिळाली नाही. कोणता पक्ष बरा, कोणता वाईट, हा येथे प्रश्नच नाही. आज ज्याचा लाभ होतो त्याचाच उद्या तोटा होतो. प्रश्न एवढाच की, सव्वादोन कोटी माणसांस ‘तुमचे मत मोजले’ असे सांगण्यात अर्थ काय?

मिल ज्या योजनेवर लुब्ध झाला होता ती टॉमस हेअर या इंग्रज वकिलाची. मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालावयाचे, आणि एकाच्या उपयोगी न पडलेले मत दुसऱ्याकडे वळवावयाचे, ही ती रीत. आपल्याकडे ती अगदी परकी नाही. राज्यसभेचे निवडून येणारे सदस्य, महाराष्ट्र विधानपरिषदेतील विधानसभा सदस्यांनी निवडावयाचे ३० सदस्य आणि खुद्द राष्ट्रपती यांची निवड याच जातीच्या मतदानाने होते. पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे त्यांस पसंतीचे आकडे घालण्याचा अनुभव आहेच. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी यांची मते ४,०१,५१५ भरली, आणि विजयास ४,१८,१६९ हवी होती. तिसऱ्या क्रमांकावर आपले चिंतामणराव देशमुख होते. मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंत्या वळविल्या तेव्हा गिरींचा आकडा ४,२०,०७७ वर जाऊन निकाल लागला. आपल्या राज्यघटनेत या निवडणुकीसही ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ असेच म्हटले आहे. एकाच जागेचे प्रमाण कसे काढावयाचे, हे मात्र घटनाकारांनी सांगितलेले नाही.

असो. आमच्या विषयाला अधिक जवळची अशी दोन माणसे हेअरनंतर तीसेक वर्षांनी उत्तर युरोपात झाली. एक स्वीडनचा गणिती फ्राग्मेन, दुसरा डेन्मार्कचा ज्योतिर्विद थीले. १८९४ आणि १८९५ या लागोपाठच्या वर्षी दोघांनी, पक्षांची नावे न विचारता केवळ खुणांवरून न्याय्य वाटणी कशी करावी, याच्या रीती सांगितल्या. दोघांचाही विम्याच्या धंद्याशी निकटचा संबंध होता. पुष्कळांनी मिळून भरलेल्या पैशात कोणाचा हक्क किती, हा विचार त्यांच्या अंगवळणी पडलेला असावा, अशी आमची आपली कल्पना. थीलेची युक्ती अशी: सभासदाला मनाजोगे पहिले नियतकालिक मिळाले तर त्याचे समाधान पूर्ण एक धरावे, दुसरे मिळाले तर अर्धे, तिसऱ्याचे एक तृतीयांश, याप्रमाणे, आणि सर्वांच्या समाधानाची बेरीज जास्तीत जास्त होईल अशी दहा नियतकालिके निवडावी. आपल्या वाचनालयाला ही रीत लावून पाहा. कथाप्रेमी साठांस सातवे मासिक दिल्याने बेरजेत साठाचा सातवा हिस्सा, म्हणजे साडेआठच्या आसपास भर पडते. पण त्यासाठी विज्ञानप्रेमी दहांचे एकुलते एक नियतकालिक काढून घ्यावे तर पूर्ण दहाची घट होते. म्हणून सहा, तीन आणि एक, अशी वाटणी आपोआप निघते. ज्याचे ताट भरलेले आहे त्याच्या पुढच्या घासाची किंमत उपाशी माणसाच्या पहिल्या घासापेक्षा कमी, हे पंक्तीत वाढणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक असलेले तत्त्वच थीलेने आकड्यांत मांडले.

मग ही रीत शंभर वर्षे धूळ खात का पडली? येथे संगणकशास्त्राचा प्रवेश होतो. आपल्या उदाहरणात तीन गट स्वच्छ वेगळे आहेत. प्रत्यक्षात माणसांच्या आवडी एकमेकींत गुंतलेल्या असतात. कादंबरी वाचणारा शेतकरी असतो, आणि विज्ञान वाचणाऱ्यास नाटकाचा नाद असतो. अशा वेळी शंभर नावांच्या यादीतून दहा नियतकालिकांचा उत्तम संच काढावयाचा तर पाहावे लागणारे संच सतरा लक्ष कोटींहून अधिक होतात. मतमोजणीची रीत न्याय्य असली तरी तिचे उत्तर काढणेच दुष्कर असू शकते, हे १९८९ साली बार्थोल्डी, टोव्ही आणि ट्रिक या तिघांनी दाखवून दिले. आणि तेही कोणाच्या रीतीविषयी, तर ‘ॲलिस’ची अद्भुतकथा लिहिणारा लुईस कॅरोल, म्हणजे ऑक्सफर्डचा गणिताध्यापक डॉज्सन, याने १८७६ साली सुचविलेल्या रीतीविषयी. थीलेच्या रीतीचेही तसेच आहे. सर्व प्रसंगी झटपट उत्तर काढून देईल अशी युक्ती अद्याप कोणास सापडलेली नाही, आणि ती सापडेल अशी तज्ज्ञांस आशाही फारशी नाही. एकेक नियतकालिक क्रमाने निवडत गेल्यास काम सोपे होते खरे, पण मग न्यायाची हमी उरत नाही.

परंतु यंत्राच्या वेगापेक्षा या शास्त्रज्ञांनी केलेले दुसरे काम आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ‘अन्याय झाला’ असे कोणी म्हणाला तर त्याचा नेमका अर्थ काय, हे त्यांनी शब्दांत बांधून दिले. २०१५ साली हारिस अझीझ प्रभृती सहा संशोधकांनी ‘समर्थनीय प्रतिनिधित्व’ या नावाची एक कसोटी मांडली. शंभर सभासद आणि दहा नियतकालिके, म्हणजे दर दहा सभासदांमागे एक. तेव्हा ज्या दहा जणांचे एखाद्या नियतकालिकावर एकमत आहे, त्या दहांपैकी एकासही मनाजोगे काहीच मिळू नये, असे कधीही होता कामा नये. याहून कडक कसोटीही त्यांनी सांगितली: तीस जणांचे तीन नियतकालिकांवर एकमत असेल तर त्यांच्यापैकी एकाला तरी मनाजोगी तीन मिळालीच पाहिजेत, एक तुकडा टाकून तीसांचे तोंड बंद करता येणार नाही. थीलेची रीत या कडक कसोटीस उतरते, हे त्यांनी सिद्ध केले.

पहिली कसोटी लावून पाहण्यास यंत्राचीही गरज नाही, ही गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. न निवडलेले एकेक नियतकालिक घ्यावयाचे, त्यावर खूण करणाऱ्यांपैकी ज्यांस काहीच मिळालेले नाही असे किती, ते मोजावयाचे. दहा भरले की अन्याय सिद्ध झाला. उत्तर शोधणे दुष्कर असले तरी तक्रार तपासणे सोपे असू शकते, हा भेद संगणकशास्त्राने शिकविलेला आहे, आणि आमच्या मते नीतिशास्त्रास तो फार उपकारक आहे. कारण मतदानाचा निकाल खरा कोणासाठी जाहीर करावयाचा असतो? जिंकलेल्यास कारणे नको असतात. कारणे द्यावयाची ती हरलेल्यास. ‘तुम्ही थोडे आहात’ एवढेच उत्तर बहुमतापाशी असते. ‘तुम्ही दहा आहात, दहांचा वाटा एक, तो हा घ्या, किंवा तुमचे दहा भरत नाहीत, मोजून पाहा’, असे उत्तर ज्या रीतीपाशी आहे, ती रीत निदान हरलेल्यास माणसासारखे वागविते.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी दिलेला निकाल या बाबतीत मननीय आहे. मतदानयंत्रे वापरण्यास त्या न्यायालयाची सरसकट हरकत नव्हती. पण निवडणुकीच्या मुख्य पायऱ्या सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानावाचून तपासता आल्या पाहिजेत, असे त्याने बजावले, आणि तशी सोय नसलेल्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. न्याय्य पण अगम्य रीतीपेक्षा थोडी ढोबळ पण उघड रीत बरी, असे यावरून कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. सुदैवाने दोहोंचा मेळ घालणारी एक रीत दॉमिनिक पीटर्स आणि पिओत्र स्कोव्रोन यांनी २०२० साली पुढे आणली आहे. तिला ‘समान वाट्याची रीत’ म्हणता येईल. वाचनालयापाशी पाच हजार रुपये आहेत, आणि प्रत्येक नियतकालिकास पाचशे पडतात असे समजा. प्रत्येक सभासदाच्या नावे पन्नास रुपये जमा धरावे. ज्या नियतकालिकाचे चाहते आपापल्या खात्यांतून मिळून पाचशे रुपये उभे करू शकतील तेवढेच विकत घ्यावे. आणि प्रथम ते घ्यावे, ज्यात माणशी खर्च सर्वांत कमी पडतो. साठ जणांच्या तीन हजारांत सहा येतात, तीस जणांच्या दीड हजारांत तीन, दहांच्या पाचशेत एक. आवडी कितीही गुंतलेल्या असल्या तरी हिशेब याच मार्गाने चालतो, आणि वहीत उतरवून ठेवता येतो. पोलंडमधील विएलिच्का या मिठाच्या खाणीच्या गावी २०२३ साली दहा लक्ष झ्लॉटींची नागरी कामे या रीतीने निवडण्यात आली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील आराउ शहरानेही तिचा प्रयोग केला.

या रीतीतही लबाडीस जागा आहे. जे मासिक इतरांच्या पैशाने येणारच आहे त्यावर आपण खूणच करू नये, म्हणजे आपले पन्नास रुपये दुसऱ्या आवडीसाठी शिल्लक राहतात. उत्सवाची आरास रोज पाहावयाची, पण वर्गणीवाले आले की दार लावून घ्यावयाचे, असे गृहस्थ आपल्या परिचयाचे आहेतच. प्रमाणशीर न्याय राखणारी आणि अशा चतुराईस मुळीच वाव न देणारी रीत असूच शकत नाही, हे पीटर्स यांनी २०१८ साली गणिताने सिद्ध केले. मनुष्यस्वभावावरचा इतका कोरडा अभिप्राय आम्ही क्वचितच वाचला असेल.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. ही सर्व रचना ‘एकमत असलेल्या गटा’ला हक्क देते. ज्याची आवड गावात दुसऱ्या कोणाचीच नाही, त्याच्या खात्यावर पन्नास रुपये पडून राहतात, आणि त्यांत काही येत नाही. एकट्या माणसाचे रक्षण मोजणीने होत नाही, ते मूलभूत हक्कांनीच होते. मोजणीकडून ती अपेक्षा करणे म्हणजे तराजूने लांबी मोजण्यासारखे आहे. आणि जे थोडे आहेत, दूरदूर विखुरलेले आहेत, शिवाय दुसऱ्याच्या दाबाखाली आहेत, त्यांचे काय? आपल्या देशात हा प्रश्न कागदावरचा कधीच नव्हता. १९०९ च्या सुधारणांत मुसलमानांस विभक्त मतदारसंघ देऊन सरकारने गटाचे नाव कायद्यात लिहिले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गासाठी विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. दोन्ही योजनांत वाटा कोणाचा, हे कायदा आधी ठरवितो. हेअर, थीले आणि आजचे संगणकशास्त्रज्ञ म्हणतात, गट कोणते ते मतदारांसच खुणांनी ठरवू द्या. नाव लिहिले की गट गोठतो, माणसाने दुसऱ्या कशाशी नाते जोडावयाचे ठरविले तरी त्याची मोजणी जुन्याच नावाखाली होते. पण नाव न लिहावे, तर ज्याला मालकाच्या भीतीने मनासारखी खूणच करता येत नाही, त्याचा गट मोजणीत कधी दिसतच नाही. निर्भयपणे खूण करता येणे हे प्रमाणशीर न्यायाचे गृहीतकृत्य आहे, आणि ते गणिताच्या पुस्तकात एका ओळीत येते म्हणून ते खेड्यापाड्यांत सहज साधते असे समजणे भोळेपणाचे होईल. राखीव जागा आणि प्रमाणशीर रीत या एकमेकींच्या सवती आहेत असे आम्हांस म्हणूनच वाटत नाही.

४ जानेवारी १९४९ रोजी घटनासमितीत हा वाद प्रत्यक्ष झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेची निवडणूक बहुसदस्य मतदारसंघांतून, आणि मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवारास देता येतील अशा संचयी मतदानाने व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तीस विरोध केला. प्रमाणशीर पद्धतीस मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि ती आपल्याकडे नाही, हा त्यांचा एक मुद्दा. सभागृहाचे लहान लहान तुकडे पडून सरकार स्थिर राहणार नाही, हा दुसरा. दुरुस्ती फेटाळली गेली. पहिला मुद्दा त्या काळी निर्विवाद होता. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता शेकडा १८ च्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती शेकडा ७० च्या वर गेलेली आहे, आणि खूण करण्यास तर साक्षरताही लागत नाही. दुसरा मुद्दा मात्र आजही तितकाच वजनदार आहे. ज्या सभागृहातून सरकार बनवावयाचे आहे तेथे वाटणी आणि निर्णय यांची गाठ पडते. तेथे कोणत्या बाजूस किती झुकावे, हे कोणतीही कसोटी सांगू शकत नाही, आणि संगणकशास्त्रज्ञांनीही तसा दावा केलेला नाही.

परंतु जेथे सरकार बनवावयाचे नाही, केवळ पैसा वाटावयाचा आहे, तेथे डॉक्टरसाहेबांचा दुसरा मुद्दाही लागू पडत नाही. पुणे महानगरपालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामांच्या सूचना मागविण्याची प्रथा सुरू केली, ही गोष्ट प्रशंसनीय होती. पण सूचनांतून निवड नागरिकांच्या मतदानाने करावी, अशी तिची रचना नव्हती. निवड मतांवर सोपविली आणि मते नुसती बेरजेने मोजली, तर दाट वस्तीच्या भागाची कामे दरसाल पुढे येतील, आणि पलीकडच्या गल्लीतील दिवा दरसाल मागे राहील. एखाद्या प्रभागात ही निवड समान वाट्याच्या रीतीने करून पाहण्यास फार खर्च येईल असे आम्हांस वाटत नाही. मतपत्रिका नावाशिवाय, क्रमांक घालून, सर्वांस पाहता येतील अशा ठेवाव्या. निकालाशेजारी प्रत्येक कामाचा जमाखर्च लावावा: किती जणांनी खूण केली, माणशी किती रक्कम लागली, आणि जे काम नाकारले त्याच्या चाहत्यांच्या खात्यांवर मिळून किती कमी पडले. सर्व कामे निवडून झाल्यावर खात्यांत काही रक्कम हटकून उरते. तिचे काय करावयाचे याच्या दोन-तीन रीती संशोधकांनी सुचविल्या आहेत. त्यांतील कोणती घ्यावयाची, हे मात्र मतपेट्या उघडण्यापूर्वीच ठरवून भिंतीवर लावलेले असावे.